दिवा बाजूला ठेवून

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव एव्हाना पाठ झाला असेल. वर्षभर मुलांना संतवाङ्मय आणि व्याकरण शिकवायचे, आणि सुट्टी लागली की ज्यातले आपल्याला ओ की ठो कळत नाही अशा एखाद्या उद्योगात हात घालून घरच्यांची झोप उडवायची, हा माझा जुना क्रम. गेल्या दिवाळीत मी भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ उघडले होते. ते अजून एका परातीत उघडेच आहे. त्यामुळे यंदा गणपती उठल्यावर टपालाने एक खोके घरी आले तेव्हा सौभाग्यवतींनी ते दारातच अडवले.

"यात काय आहे?"

"ट्रिगर."

"बंदुकीचा?"

"नाही. दिव्याचा."

खोक्यात काडेपेटीहून थोड्या मोठ्या दोन काळ्या डब्या होत्या. एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची, दुसरी फ्लॅशच्या पायाशी. कॅमेऱ्याचा खटका दाबला की पहिली डबी हवेतून हाक मारते आणि दुसरी ती ऐकून फ्लॅश उडवते. मध्ये तार नाही, दोरी नाही. जोडीची किंमत अडीच हजारांच्या आतबाहेर.

"म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावर आहे तो काढून लांब ठेवायचा?"

"हो."

"आणि नुसता लांब ठेवण्याचे अडीच हजार रुपये?"

प्रश्न बिनतोड होता. माझे सबंध व्याकरण त्यापुढे तोकडे पडले. उत्तर म्हणून मी फक्त भिंतीकडे बोट दाखवले. तिथे अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो आहे. ही काही बोलली नाही. खोके आत आले.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षे झाली. ते गेले त्या संध्याकाळी फोटोची शोधाशोध सुरू झाली. घरात चार मोबाईल, एक कॅमेरा आणि हजारो छायाचित्रे. त्यांत मांजर होते, पावसाळी सहलीतली कणसे होती, नातवंडांचे सगळे वाढदिवस होते. अण्णा कुठे होते? केक कापणाऱ्या हाताच्या मागे, अर्धे. कोणाच्या तरी खांद्याआड, कानापुरते. एका फोटोत तर त्यांनीच इतरांचा फोटो काढलेला, त्यामुळे त्यांची फक्त सावली आलेली. शेवटी मावसबहिणीच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांचे डोके कापून काढले आणि चौकटीत बसवले. फ्लॅश थेट तोंडावर बसलेला. कपाळ चुन्यासारखे पांढरे, नाक गालांत विरून गेलेले, पाठीमागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या लाल. त्या तेवढ्या स्टुडिओवाल्याने काळ्या करून दिल्या. आई रोज सकाळी त्या फोटोला फूल वाहते, आणि आठवड्यातून एकदा तरी सुनेला सांगते, "ते असे नव्हते गं दिसत."

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ट्रिगर का मागवला, हे वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

आता मूळ प्रश्न: फ्लॅश कॅमेऱ्यावर असला म्हणून बिघडते काय? पुणेकरांनी सिंहगड सकाळी सातला एकदा पाहावा आणि सूर्य नेमका आपल्या पाठीशी असताना एकदा पाहावा. सकाळी उन्हे तिरपी पडतात. प्रत्येक घळ काळी, प्रत्येक सोंड उजळ. गड हाताने चाचपून पाहावा इतका उठावदार. सूर्य पाठीशी आला की तोच गड पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखा सपाट होतो. गड तोच, उजेडही भरपूर. फरक इतकाच की पाहणारा आणि उजेड एकाच दिशेला आले. सावल्या पडतात, पण वस्तूच्या मागे, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला. माणसाच्या चेहऱ्याचेही असेच आहे. नाकाची धार, गालाचा उतार, कपाळावरच्या आठ्या, हनुवटीखालची खोली हा सगळा भूगोल सावल्यांनी लिहिलेला असतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तो पुसून टाकतो. शिवाय भिंगाच्या इतका जवळ असल्यामुळे त्याचा उजेड डोळ्यांत शिरून पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून सरळ भिंगाकडे परततो. लाल बाहुल्यांचे गुपित एवढेच.

चित्रकारांना ही गोष्ट आपल्या फार आधी ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन म्हैसूरला गेलो होतो. तिथल्या जगनमोहन राजवाड्याच्या कलादालनात एका चित्रापुढे मुले आपोआप गप्प झाली. एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला केला आहे. उजेड बोटांतून लालसर झिरपतो आहे आणि चेहऱ्यावर खालून, बाजूने, हलकेच चढतो आहे. अनेक लोक हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, १९४० च्या दशकातले, तेही जलरंगातले. आणि दिवा हातात धरून उभी आहे ती त्यांची स्वतःची कन्या. तो दिवा तिच्या हातातून काढून चित्रकाराच्या कपाळावर बांधला असता तर काय चित्र झाले असते, याची कल्पना करा. आपण घरोघर मुंजी-बारशांत हेच करत आलो.

दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला तो सोयीपोटी. आरंभी तो तिथे नव्हताच. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड इतर रसायनांत मिसळून झपकन पेटणारी दारू तयार केली. ती तबकात घेऊन हात उंच करून पेटवायची. भडका, धूर आणि अधूनमधून भुवया जळणे, असा तो प्रकार. पण त्या दारूच्या जोरावर जेकब रिस याने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्या जगाला दाखवल्या. १८९० मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाने तिथल्या सुखवस्तू लोकांची झोप मोडली. १९२९ च्या सुमारास काचेच्या बंद दिव्यात तो भडका कोंडला गेला. दर फोटोला एक दिवा, झाला की फेकून द्यायचा. १९३१ पासून अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेचा भार साठवून वायूच्या नळीतून एकदम सोडण्याची युक्ती हाती घेतली, आणि पुन:पुन्हा उडणारा फ्लॅश मिळाला. दुधाचा थेंब पडून उडालेला मुकुट, सफरचंदातून आरपार गेलेली गोळी ही त्यांची छायाचित्रे आपण कुठे ना कुठे पाहिली आहेत. पुढे हा फ्लॅश लहान झाला, स्वस्त झाला, आणि कॅमेऱ्याच्या टाळूवर कायमचा ठाण मांडून बसला.

त्याला खाली उतरवायचे तीन मार्ग. पहिला तारेचा. तार स्वस्त आणि विश्वासू असते. पण घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर ती तार कोणाच्या पायात जाईल हे सांगता येत नाही. दुसरा मार्ग 'डोळ्या'चा. काही फ्लॅशना एक इवलासा डोळा असतो. दुसरा कुठलाही फ्लॅश उडालेला दिसला की हाही उडतो. हे ऐकून मी हरखलो आणि भाच्याच्या मुंजीत माझा फ्लॅश एका खांबाला बांधून, त्याचा डोळा उघडा ठेवून मोकळा झालो. मी विसरलो इतकेच, की मुंजीत कॅमेरा फक्त मामाकडे नसतो. ठरवून आणलेला छायाचित्रकार होता, मुलाचे काका होते, बंगळूरहून आलेले व्याही होते. कोणीही फोटो काढला की माझा फ्लॅश इमानेइतबारे त्यांच्यासाठी उडायचा. मातृभोजनाच्या वेळी मी स्वतः कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा त्याचे सेल संपले होते. ठरवून आणलेला छायाचित्रकार मात्र जाताना मला म्हणाला, "सर, त्या खांबाकडून उजेड फार छान मिळाला हो!" शिवाय भर उन्हात किंवा खांबाआड ठेवल्यावर या डोळ्याला दिसेनासे होते, तो भाग वेगळा.

तिसरा मार्ग रेडिओचा, म्हणजे माझ्या डब्यांचा. रेडिओलहरींना भिंत, खांब, ऊन यांची फारशी पर्वा नसते आणि शेजाऱ्याच्या फ्लॅशला त्या ओ देत नाहीत. हे साधन नवे नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जन्मलेले 'पॉकेटविझार्ड' धंदेवाईक छायाचित्रकार कित्येक वर्षे वापरत आले. पण त्या जोडीच्या किमतीत आमच्यासारख्याच्या घरात शीतकपाट आले असते. २००६ मध्ये बाल्टिमोरच्या एका दैनिकात काम करणारे डेव्हिड हॉबी या छायाचित्रकाराने 'स्ट्रोबिस्ट' या नावाने इंटरनेटवर धडे लिहायला घेतले. लहानसा फ्लॅश, एक स्टँड, एक छत्री एवढ्या सामग्रीत स्टुडिओसारखा उजेड कसा करावा, हे ते फुकट शिकवू लागले. जगभरचे हौशी लोक जागे झाले, आणि त्याच काळात हाँगकाँग आणि चीनमधून स्वस्त ट्रिगर टपालाने घरोघर पोचू लागले. पहिले ट्रिगर लहरी होते, दहांत दोनदा रुसत. पुढे २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालणारे आले, शेन्झेनच्या योंगनुओ, गोडॉक्स अशा कंपन्यांचे, आणि रुसणे पुष्कळ कमी झाले. महागड्या डब्यांतही मूळ काम तेच: "आता!" एवढा एकच शब्द योग्य क्षणी पोचवणे. स्वस्त डबीला याहून अधिक काही बोलता येत नाही. किती उजेड टाकायचा, हे ती फ्लॅशला सांगू शकत नाही. ते आपण जाऊन त्याच्या पाठीवरच्या बटणाने सांगायचे. माझ्या मते नवशिक्याला हा तोटा नसून फायदा आहे. हाताने बेरीज केल्याशिवाय पाढे पाठ होत नाहीत.

डब्या आल्या त्या रात्री मात्र माझ्या वाट्याला शांतताच आली. खटका दाबतो, फ्लॅश ढिम्म. सेल बदलले, पुन्हा ढिम्म. माहितीपत्रकातले इंग्रजी असे की ते लिहिणाऱ्याला मी प्रथम वर्षातही बसू दिले नसते. शेवटी सातवीतल्या कन्येने डब्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाली, "बाबा, या दोघींची बटणं वेगळी आहेत." प्रत्येक डबीच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार खिट्ट्या होत्या. प्रत्येक खिट्टी वर किंवा खाली. चार खिट्ट्यांच्या मिळून सोळा मांडण्या, म्हणजे सोळा वाहिन्या. दोन्ही डब्यांची मांडणी एकच हवी, नाहीतर एक मराठीत हाक मारते आणि दुसरी कानडीत ऐकत बसते. मांडणी जुळवली आणि कपाटावरचा फ्लॅश लख्खकन उडाला. मांजर दोन दिवस त्या खोलीत फिरकले नाही.

दुसरा धडा कोजागिरीला गच्चीवर मिळाला. इमारतीतली सगळी मंडळी दुधाचे पेले घेऊन जमली. मी ऐटीत शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवला. वेग जितका अधिक तितका फोटो स्पष्ट, अशी माझी भाबडी समजूत. फोटो पाहतो तो सगळ्यांची डोकी उजळलेली आणि खालचा निम्मा भाग काळोखात. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या साड्यांनी काय घोडं मारलं होतं?"

याचा उलगडा आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी मला नाटकाच्या भाषेत समजावले, कारण दुसरी भाषा मला कळत नाही हे त्यांना माहीत आहे. कॅमेऱ्याच्या आत दोन पडदे असतात. खटका दाबला की पहिला पडदा सरकून रंगमंच उघडतो. ठरलेला वेळ संपला की दुसरा त्याच्या मागोमाग येऊन तो झाकतो. वेग कमी असेल तर मधला काही काळ सबंध रंगमंच उघडा असतो. वेग फार वाढवला तर पहिला पडदा पुरता सरकण्याआधीच दुसरा निघतो, आणि प्रेक्षकांना कुठल्याही क्षणी रंगमंचाची फक्त एक फट दिसते. फ्लॅश तर विजेसारखा. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उडून विझतो. त्या क्षणी जेवढी फट उघडी, तेवढाच प्रवेश उजळतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत सबंध रंगमंच उघडा राहण्याची मर्यादा सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागाच्या आसपास असते. ती ओलांडली की साड्या गेल्याच म्हणून समजा. महागड्या फ्लॅशना ती ओलांडण्याची एक युक्ती येते, एका भडक्याऐवजी ते भराभर पुष्कळ बारीक भडके उडवतात. साध्या डब्यांच्या नादी लागलेल्याने तो मोह टाळावा.

याच बैठकीत त्यांनी मला जे दुसरे सूत्र दिले, त्याने माझे डोळे उघडले. फ्लॅशचा भडका शटरच्या वेळेपेक्षा इतका आखूड असतो, की शटर थोडे अधिक उघडे ठेवले काय किंवा कमी काय, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीतल्या उजेडात: दिव्याच्या, खिडकीच्या, पणतीच्या. म्हणून शटरच्या चाकाने घरचा उजेड कमीजास्त करायचा आणि फ्लॅशच्या पाठीवरच्या बटणाने आपला. दोन नळ, दोन चाव्या. गरम आणि गार पाणी हवे तसे मिसळावे, तसे हे दोन उजेड मिसळता येतात. भिंगाचे तोंड मात्र दोघांनाही सारखेच आवळते. आणि अंतराचे गणित विसरायचे नाही. फ्लॅश माणसापासून एक मीटरवर असेल तर जितका उजेड पडतो, त्याचा दोन मीटरवर निम्मा पडत नाही, चौथाई पडतो. तीन मीटरवर नववा हिस्सा. फ्लॅश जवळ आणला की माणूस उजळतो आणि मागची भिंत अंधारात जाते. दूर नेला की दोघे सारखे होतात. मागचे अस्ताव्यस्त कपाट लपवायचे असेल तर आवरत बसू नये, फ्लॅश जवळ आणावा. ही युक्ती सांगताच हिचे ट्रिगरविषयीचे मत बरेच सुधारले.

उजेड मऊ करण्याचे शास्त्र तर आपल्या घराघरांत आहे. दिवा माणसाच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. उघडा फ्लॅश म्हणजे टिचभर दिवा. त्याच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या. त्यासाठी लोक पांढऱ्या छत्र्या आणतात. मीही आणणार होतो, पण छत्रीला स्टँड हवा, स्टँडला जागा हवी, आणि आमच्या घरात जागा आहे ती फक्त कपाटाच्या माथ्यावर. मग फ्लॅश कपाटावर ठेवला आणि त्याचे तोंड पांढऱ्या भिंतीकडे वळवले. उजेड भिंतीवर पसरून परत आला. सबंध भिंतच दिवा झाली. छत्रीचे पैसे वाचले.

ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. फ्लॅश जुना, वापरलेला चालेल, पण त्याची ताकद हाताने कमी करता आली पाहिजे: निम्मी, चौथाई, आठवा हिस्सा अशी. आजोबांच्या काळचा फ्लॅश माळ्यावर सापडला तर तो सरळ नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर शंभराहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि नव्या कॅमेऱ्याची नाजूक यंत्रणा त्याने दगावू शकते. पुन्हा भरता येणाऱ्या सेलांचे दोन संच ठेवा, आणि ट्रिगरच्या डब्यांतले सेल काम झाले की काढून ठेवा. शेजारी वायफायची गर्दी असेल आणि डबी रुसत असेल तर वाहिनी बदला. त्याच लहरींच्या पट्ट्यात वायफायचाही संसार चाललेला असतो. कार्याच्या दिवशी नवे यंत्र प्रथमच उघडू नका. माझ्याकडे पाहून शहाणे व्हा. आणि ज्यांच्याजवळ फक्त मोबाईल आहे त्यांनी हिरमुसू नये. मोबाईलवर ही डबी बसवायला जागाच नसते. पण दुसऱ्या कोणाच्या मोबाईलची विजेरी पांढऱ्या रुमालातून बाजूने धरली, तरी तत्त्व तेच. दिवा डोळ्यांपासून दूर गेला की झाले.

आता आईविषयी.

तिने आयुष्यात फ्लॅशपुढे डोळे उघडे ठेवले नाहीत. तिच्या सगळ्या फोटोंत ती एकतर मिटलेल्या डोळ्यांनी बसली आहे किंवा "काढला का?" असे विचारते आहे. आश्विन उजाडला तसा मी तिच्यामागे लागलो. चांगले लुगडे नेस, खिडकीशी बस, एक फोटो काढू. ती आज-उद्या करत राहिली. एक दिवस संध्याकाळी मी जरा जोरच केला, तेव्हा कापसातली सरकी काढता काढता वर न पाहता म्हणाली,

"फोटो कशाला हवाय ते कळतं मला."

मी गप्प राहिलो. वीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. तिनेच माझी सुटका केली. "अरे, त्यात वाईट काय? लागतोच. पण काढायचा तर नीट काढ. त्यांचा काढलात तसा नको. आणि लुगडं-बिगडं मी बदलायची नाही. दिवाळीच्या वाती व्हायच्या आहेत माझ्या."

म्हणून मग ती होती तशी, होती तिथेच. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून, मांडीवर कापूस, शेजारी वातींचे ताट. मी फ्लॅश कपाटावर चढवला, तोंड भिंतीकडे, ताकद सोळाव्या हिश्श्यावर. देवघरात समई लागली होती, तिचा पिवळा उजेड फोटोत यावा म्हणून शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणले. कन्येने खिट्ट्या पुन्हा एकदा तपासल्या. आणि मी खटका दाबला.

खोली एकदम उजळून पुन्हा शांत झाली. आईने चेहरा वर केला तो माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे. "वीज चमकली का रे? ऑक्टोबरात?"

"नाही आजी, बाबांचा दिवा आहे तो," कन्या म्हणाली.

"कुठाय दिवा? ह्याच्या हातात तर काही दिसत नाही." आणि ती हसली. डोळे मिटायचे कुठून येणाऱ्या उजेडासाठी, हेच तिला कळेना, म्हणून ते उघडे राहिले. त्यानंतर तिने माझ्याकडे लक्ष देणे सोडले. मी दहा-बारा फोटो काढले. दोनदा डबी रुसली, एकदा मीच हललो.

एक चांगला आला. मोठ्या आकारात छापून आणला आणि तिच्या हातात दिला. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी हळूहळू सावलीत उतरलेली. गालावरची प्रत्येक सुरकुती दिसते आहे. बोटांत अर्धी वळलेली वात. चष्मा पुसून ती बराच वेळ पाहत राहिली. सुरकुत्या जास्त दिसतात म्हणून रागावते की काय, अशी मला धास्ती होती.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली.

मला वाटले, तिला ऐकू आले नाही किंवा दिसले नाही. "आई, तूच आहेस ती."

"ते कळतंय रे. पण ही अगदी माझी आई आहे. ती अशीच बसायची, वाती करत. हनुवटी अशीच." मग थोडे थांबून, "तिचा फोटोच नव्हता ना कुठे. मी नऊ वर्षांची होते ती गेली तेव्हा. मला वाटायचं, मी विसरले."

आमच्यापैकी कोणालाच यावर काही बोलता आले नाही. समईची काजळी झाडायचे निमित्त करून ही उठली.

तो फोटो भिंतीवर लावलेला नाही. आईने तो आपल्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला आहे. भिंतीवर लावण्यासाठी "दुसरा काढ, घाई नाही" असे तिने सांगितले आहे. अण्णांच्या फोटोचे काही करता येत नाही. उजेड एकदा पडायचा तसा पडून गेला, तो मागाहून बाजूला सरकवता येत नाही. रोज सकाळी त्याला फूल वाहताना मला एवढेच वाटते, की हे अडीच हजार रुपये सहा-सात वर्षे आधी सुचायला हवे होते.

वाचकहो, या दिवाळीत फराळाला घरचे सगळे जमतील. कुणीतरी कॅमेरा काढील, सगळे दात दाखवतील. त्या गर्दीत एखादे वडीलधारे माणूस कोपऱ्यात आपले काम करत बसलेले असेल, त्याच्याकडे जरा पाहा. दिवा थोडा बाजूला ठेवा आणि त्याचा एक तरी फोटो काढा. पाडव्याला माझ्याकडे चौथ्या मजल्यावरच्या काकूंची पाळी आहे. साड्यांसकट फोटो आला पाहिजे, अशी त्यांची अट आहे, आणि सेल आत्ताच भरायला लावले आहेत.